ऑटोपायलट वाट सोडतो तेव्हा : शिडाच्या यॉटवर बिघाड शोधायचा कसा

पावसाळाभर किनाऱ्यावर ताडपत्रीखाली उभी असलेली यॉट ऑक्टोबरात पुन्हा पाण्यात उतरते. डागडुजी झालेली असते, शिडं चढतात, आणि गोव्याच्या पहिल्याच सफरीत ऑटोपायलट, म्हणजे आपोआप सुकाणू धरणारं यंत्र (पुढे नुसता "पायलट"), दगा देतो. पडद्यावर संदेश झळकतो, भोंगा वाजतो आणि नवा नाविक तिथल्या तिथे ठरवून टाकतो की कॉम्प्युटर गेला. बहुतेक वेळा कॉम्प्युटर ठणठणीत असतो. बॅटरीकडून येणारी वायर, होकायंत्राशेजारी कुणीतरी ठेवलेली लोखंडी वस्तू, ढिला झालेला बोल्ट किंवा झेपेल त्यापेक्षा जास्त उघडलेलं शीड, दोष यांतच कुठेतरी सापडतो. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. जे पाहायला सोपं आणि फुकट, ते आधी पाहायचं. महागाच्या डब्याकडे वळायचं ते सगळ्यात शेवटी.

पुढचं सगळं मी ३० ते ४५ फुटी, १२ व्होल्टच्या, चाकाने सुकाणू फिरवायच्या यॉटला धरून लिहितो आहे. तिच्यात डेकखाली लिनिअर ड्राइव्ह असतो, म्हणजे सुकाणूच्या दांड्याला थेट ढकलणारा-ओढणारा मोटरचा दंड. चाकाऐवजी टिलर (सुकाणूचा हाताने धरायचा दांडा) आणि त्याला अडकवायचा छोटा पायलट असेल तरी बराचसा भाग तुमच्या उपयोगाचा आहे.

यंत्रात काय काय आहे

बिघाड शोधायला हे माहीत हवंच. इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नौकेची दिशा सांगतं. कॉम्प्युटर ती दिशा तुम्ही दिलेल्या दिशेशी ताडून पाहतो आणि ड्राइव्हच्या मोटरला वीज देतो. मोटर क्लचमधून, म्हणजे तिला सुकाणूशी जोडणाऱ्या आणि सोडणाऱ्या भागातून, सुकाणू हलवते. सुकाणूला जोडलेला सेन्सर "आता सुकाणू इतके अंश वळलं" असं कॉम्प्युटरला परत कळवतो. कॉकपिटमधला पडदा आणि बटणं हे फक्त हुकूम द्यायचं आणि निरोप वाचायचं ठिकाण आहे. या साखळीतली एक कडी निसटली तरी पडद्यावर दिसताना "पायलट बिघडला" असंच दिसतं.

पायरी १ : चाक हातात घ्या

स्टँडबाय (पायलटने सुकाणू सोडायचं बटण) दाबा आणि स्वतः सुकाणू धरा. चाक जड लागलं किंवा अडकलं तर क्लच सुटलेला नाही. पायलटचा ब्रेकर बंद करा. वीज गेली की क्लच सुटायला हवा. तरीही नाही सुटला, तर ड्राइव्हचा दंड सुकाणूच्या दांड्याला ज्या पिनने जोडलेला असतो ती पिन काढावी लागते. ही पिन कुठे आहे, तिला कोणता पाना लागतो आणि तिथे पोचायला कोणती फळी उचलावी लागते, हे बंदरातच एकदा करून बघा. हलत्या बोटीत, रात्री, टॉर्च तोंडात धरून ते पहिल्यांदा शोधायची वेळ कुणावरही येऊ नये. आणीबाणीचा टिलरही एकदा बसवून पाहा.

बिघाड शोधताना किमान एक माणूस बाहेर पाहत असलाच पाहिजे. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सतत नजर ठेवायला सांगतो. कोकणच्या किनाऱ्यावर तर त्याला पर्यायच नाही. काठीला झेंडा लावून सोडलेली जाळी आणि मंद दिव्याच्या मच्छीमार होड्या पायलटला दिसत नाहीत.

पायरी २ : लक्षण लिहून ठेवा

काहीही उघडण्याआधी वहीत लिहा : पडद्यावर नेमका कोणता संदेश आला, इंजिन चालू होतं का, वारा किती आणि कुठून, नौका कोणत्या दिशेला चालली होती, फ्रिज किंवा दुसरं काही त्याच वेळी सुरू झालं का. शेवटचा नीट चालला त्यानंतर बोटीवर काय बदललं, हेही लिहा. नवे स्पीकर, नवी बॅटरी, हलवलेली हत्यारांची पेटी, काहीही.

लक्षण नीट वाचलं तर अर्धं निदान तिथेच होतं. इंजिन चालू असताना उत्तम चालतो आणि शिडावर गेल्यावर थोड्या वेळाने बंद पडतो, तर वीज तपासा. इंजिनवर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनित्र) व्होल्टेज चौदाच्या आसपास नेतो आणि वायरिंगमधला दोष झाकला जातो. उलट, फक्त इंजिन चालू असतानाच भरकटत असेल तर अल्टरनेटरची जाड वायर होकायंत्राजवळून जाते का ते पाहा. एका दिशेला सरळ आणि दुसऱ्या दिशेला वेडंवाकडं, तर होकायंत्र. ऑटो (पायलटकडे सुकाणू द्यायचं बटण) दाबताच सुकाणू एका बाजूला पूर्ण वळतं, तर सुकाणूचा सेन्सर निसटला आहे किंवा कुणीतरी मोटरच्या वायर उलट जोडल्या आहेत. फक्त वाऱ्याच्या मोडमध्ये (वाऱ्याशी ठरलेला कोन राखून चालताना) गडबड असेल तर नजर डोलकाठीच्या टोकाकडे न्या.

पायरी ३ : शिडं

सुरुवात इथून करा, कारण याला हत्यार लागत नाही. पायलट स्टँडबायवर टाकून चाक हाताने धरा. सरळ जाण्यासाठी ते सतत एका बाजूला ओढून धरावं लागतंय का? नौका वाऱ्याकडे वळायला झटत असेल तर पायलटलाही तोच भार वाहावा लागतो. तुमचे हात थकतात, तशी त्याची मोटर तापते, बॅटरी उतरते आणि शेवटी तो हात टेकतो. मेनसेलचं (मुख्य शिडाचं) ट्रॅव्हलर, म्हणजे आडव्या रुळावर सरकणारी गाडी, वाऱ्याच्या आडोशाला सोडा, शीट (शीड ओढून धरणारा दोर) सैल करा आणि गरज वाटली तर रीफ घ्या, म्हणजे शीड गुंडाळून लहान करा. सुकाणू चार-पाच अंशांत राहून नौका सरळ जायला लागली की मगच पायलट पुन्हा लावा.

मुंबईहून गोव्याकडे जाताना हे फार जाणवतं. साधारण २२० सागरी मैलांची ही वाट दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला कललेली आहे. हिवाळ्यात दुपारी वायव्येचा वारा उजव्या मागच्या कोपऱ्यातून येतो. लाट मागचा भाग डावीकडे ढकलते, नाळ (नौकेचं पुढचं टोक) उजवीकडे वाऱ्यात वळते, आणि पायलटला होकायंत्रावर बदल दिसेपर्यंत नौका वळायला लागलेली असते. पूर्ण उघडलेल्या मेनसेलने हे वळण आणखी जोर धरतं. मेनसेल रीफ करून पुढच्या शिडावर जास्त भर दिला की वाऱ्याची ओढ पुढे सरकते आणि तोच पायलट शांतपणे वाट धरतो. अशा समुद्रात सेटिंग बदलत बसलेले लोक मी पाहिले आहेत. माझं मत स्पष्ट आहे : आधी शीड कमी करा.

पायरी ४ : वीज

इथे वेळ द्या. सगळ्यात जास्त दोष इथेच सापडतात आणि नवखे लोक इथेच सगळ्यात वरवर तपासतात.

बॅटरीवर मल्टिमीटर लावून "१२.६ आहे, म्हणजे वीज ठीक" असं म्हणणं पुरेसं नाही. पूर्ण भरलेली लेड-अॅसिड बॅटरी विश्रांतीत १२.७ च्या आसपास दाखवते, अर्धी उतरलेली १२.२ च्या जवळ. लिथियम बॅटरीत हा आकडा जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे तिथे त्यावरून फारसं कळतच नाही. आणि मुळात प्रश्न बॅटरीवर किती आहे हा नाही. मोटर जोर लावत असताना पायलटच्या कॉम्प्युटरपर्यंत किती पोचतंय, हा आहे.

त्यासाठी मल्टिमीटर थेट कॉम्प्युटरच्या वीज येणाऱ्या टर्मिनलवर लावा. एकाने ऑटोमध्ये दहा-दहा अंशांचे बदल द्यावेत, दुसऱ्याने आकडा पाहावा. मोटर फिरताना तो दणकन खाली जात असेल तर वाटेत कुठेतरी गळती आहे.

कुठे, ते शोधायची युक्ती अशी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर, दुसरं टोक लांब वायर जोडून कॉम्प्युटरच्या धन टर्मिनलवर. मोटर चालू असताना जो आकडा दिसेल तितके व्होल्ट धन बाजूच्या वाटेत खर्च होत आहेत. तसंच ऋण बाजूला करा. दोन्ही मिळून ०.३६ व्होल्टच्या, म्हणजे १२ व्होल्टच्या तीन टक्क्यांच्या आत राहायला हवं. आता लांब टोक बॅटरीकडे एकेक टप्पा मागे आणा : फ्यूज, ब्रेकर, बसबार (अनेक वायर एकत्र जोडायची धातूची पट्टी). ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम घसरतो, दोष त्यांच्या मधे आहे. ऋण बाजू विसरू नका. सगळे धन वायरच्याच मागे लागतात आणि गंजलेला ऋण बसबार तसाच राहतो.

वायरच बारीक असेल तर? बॅटरी ते कॉम्प्युटर सहा मीटर अंतर धरा. विजेला जाऊन परत यायचं असतं, म्हणून तांब्याची लांबी बारा मीटर. मोटर १० अँपिअर ओढत असताना २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये सुमारे ०.८ व्होल्ट वाटेतच जातात. ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर तोच आकडा ०.३५ च्या आसपास येतो. जुन्या नौकेवर मोठा ड्राइव्ह बसवताना वायर तीच ठेवली जाते आणि मग वर्षानुवर्षं "पायलटच कमकुवत आहे" असं बोललं जातं.

पावसाळ्यानंतर एक गोष्ट न चुकता करा. प्रत्येक जोड हाताने हलवून पाहा आणि फ्यूज काढून त्याचे पाय बघा. हिरवट किंवा पांढरा थर दिसला की नुसतं पुसून भागत नाही. टोक कापा, आतलं तांबं चकचकीत लागेपर्यंत मागे जा आणि नवा लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) नीट क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा. कल्हई केलेली समुद्री वायर असेल तर ती टिकते. घरगुती वायर आतून काळी पडत जाते आणि वरून मात्र चांगली दिसते. गुंडाळलेल्या चिकटपट्टीखालचे जोड तर आधी उघडा.

व्होल्टेज पडलं की क्लचही घसरतो. मोटरचा आवाज येतो, सुकाणू मात्र हलत नाही किंवा लाटेने परत ढकललं जातं. अशा वेळी क्लच बदलायच्या आधी वरची चाचणी करा.

पायरी ५ : होकायंत्र

पायलटचं होकायंत्र बहुधा नौकेच्या मध्यभागी, खाली, एखाद्या कपाटात किंवा बाकाखाली स्क्रूने बसवलेलं असतं. तिथेच सामान ठेवायला छान जागा असते, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पाने-पकडींची पेटी, जादा नांगर, डबाबंद खाणं, स्पीकर, टॅबलेटचं चुंबकवालं कव्हर, फुगणाऱ्या लाइफ जॅकेटमधली स्टीलची गॅसची नळी, या सगळ्यांनी दिशा बिघडते. एक मीटरच्या आतली प्रत्येक लोखंडी आणि चुंबकीय वस्तू बाहेर काढा आणि पुन्हा चालवून पाहा. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं.

मग विजेच्या वायर. नौका बांधलेली असताना पडद्यावरची दिशा पाहत एकेक स्विच चालू-बंद करा : दिवे, पंप, फ्रिज, व्हीएचएफ रेडिओ. एखाद्या स्विचला आकडा उडी मारत असेल तर त्याची वायर होकायंत्राजवळून जाते. ती दूर हलवा, किंवा धन आणि ऋण वायरना एकमेकींना पीळ द्या. मग त्यांची चुंबकीय क्षेत्रं परस्परांना जवळपास रद्द करतात.

दिशा बरोबर आहे की नाही हे तपासायला मुंबईच्या नाविकांना एक मोठी सोय आहे. इथे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशापेक्षाही कमी आहे. त्यामुळे पायलटची दिशा आणि खरी दिशा यांत आठ-दहा अंश तफावत दिसली, तर तिचं खापर भूगोलावर फोडता येत नाही. दोष नौकेवरच आहे. शांत सकाळी, भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात, शिडं उतरवून इंजिनवर आठ दिशांना सरळ चाला आणि प्रत्येक वेळी जीपीएसने दाखवलेला मार्ग पायलटच्या दिशेशी ताडा. पाणी थांबलेलं हवं हे महत्त्वाचं. उधाणाच्या दिवसांत बंदरातला प्रवाह दोन नॉटच्या पुढे जाऊ शकतो, आणि तो आडवा लागला की नाळ एकीकडे आणि जाणं दुसरीकडे होतं. प्राँग्ज किंवा खांदेरीचं दीपगृह नकाशावरच्या एखाद्या दुसऱ्या खुणेशी रांगेत आणून नाळ त्या रेषेवर धरली, तर जीपीएसशिवायही ताडता येतं.

सगळ्या दिशांना सारखीच चूक असेल तर सेटिंगमध्ये दिशेची दुरुस्ती करा, काम झालं. दिशेगणिक वेगळी चूक असेल तर होकायंत्राचं कॅलिब्रेशन नव्याने करावं लागेल. सपाट पाण्यात हळू, एकसारख्या वेगाने गोल फिरायचं असतं. जुन्या पायलटना एका फेरीला दोन मिनिटांहून जास्त वेळ द्यावा लागतो, नव्यांपैकी काही चालता चालता स्वतःच शिकतात. तुमच्या पुस्तिकेत जे असेल ते तंतोतंत करा. शेवटी पडदा विचलन, म्हणजे नौकेवरच्या लोखंडामुळे किंवा विजेमुळे होकायंत्रात येणारी चूक, दाखवतो. ते १५ अंशांच्या पुढे गेलं तर पुन्हा पुन्हा गोल फिरण्यात अर्थ नाही, होकायंत्राची जागा बदला.

पायरी ६ : सुकाणू आणि ड्राइव्ह

एकाने चाक घट्ट धरावं, दुसऱ्याने खाली उतरून सुकाणूचा दांडा हाताने हलवावा. पिनमध्ये, बोल्टमध्ये किंवा ड्राइव्हच्या बैठकीत खडखड जाणवली तर ती आधी काढा. जिथे ड्राइव्ह पकडलेला असतो ती फळीच दबून वाकताना मी पाहिली आहे. बंदरात ती घट्ट वाटते, समुद्रात मोटर दांड्याऐवजी फळीच ढकलते.

आता स्टँडबायवर चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि पडद्यावरचा सुकाणूचा कोन पाहा. आकडा सलग वाढायला हवा. मधेच उडी मारत असेल किंवा गोठत असेल तर सेन्सरचा दांडा ढिला आहे, नाहीतर आतला भाग झिजला आहे. सुकाणू मध्यावर असताना शून्य दिसायला हवं.

ऑटो दाबल्यावर क्लचचा "टक्" आवाज येतो पण मोटर गप्प असेल, तर मोटरच्या वायरवर व्होल्ट मोजा. वीज येत असून मोटर गप्प, म्हणजे दोष मोटरमध्ये. तीन-चार महिने दमट हवेत उभ्या राहिलेल्या मोटरचे कार्बन ब्रश जागीच अडकतात. मोटरला हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच टकटक केल्यावर ती फिरायला लागली तर निदान पक्कं झालं. पण तो इलाज नव्हे. ब्रश काढा, भुकटी साफ करा, झिजले असतील तर बदला.

मोटरपर्यंत वीजच येत नसेल तर मोटरच्या वायर कॉम्प्युटरमधून सोडवा, सुकाणू मध्यावर आणा आणि फ्यूज लावलेल्या वायरने बॅटरीतून क्षणभरच वीज द्या. वायर उलट केल्या की मोटर उलटी फिरायला हवी. दोन्हीकडे फिरली, म्हणजे मोटर चांगली आहे. आता, आणि आताच, कॉम्प्युटरवर संशय घ्यायचा. हायड्रॉलिक ड्राइव्ह असेल तर तेलाची पातळी आणि नळीत शिरलेली हवा आधी पाहा. सुकाणू स्पंजासारखं दबल्यासारखं लागतं ते हवेमुळे.

पायरी ७ : नेटवर्क

"पायलट सापडत नाही" अशा अर्थाचा संदेश येत असेल आणि उपकरणं एनएमईए २००० वर (नौकेवरच्या उपकरणांना एकमेकांशी जोडणाऱ्या केबलच्या जाळ्यावर) जोडलेली असतील, तर नेटवर्कची वीज बंद करा आणि पांढऱ्या व निळ्या वायरमधला रोध मोजा. सुमारे ६० ओहम आला तर दोन्ही टोकांचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रोधक) जागेवर आहेत. १२० आला तर एक गळलेला आहे. ४० च्या आसपास आला तर कुणीतरी तिसरा लावला आहे.

वाऱ्याच्या मोडमधली गडबड बहुधा डोलकाठीच्या टोकावरच्या सेन्सरमुळे असते. घारी-कावळे त्यावर बसून पाती वाकवतात. सेन्सर ठीक असूनही वारा मागून असताना नौका नाचत असेल तर तो बिघाड नाही. लाटेवरून घसरताना वेग वाढतो, भासमान वारा (चालत्या नौकेवर जाणवणारा वारा) पुढे सरकतो आणि पायलट त्याच्या मागे धावतो. अशा वेळी खऱ्या वाऱ्याचा मोड वापरा किंवा सरळ होकायंत्राच्या मोडवर या.

पायरी ८ : सेटिंग

इथवर सगळं चांगलं निघालं तरच इकडे या. आधी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. फॅक्टरी रीसेट समुद्रात कधीही करू नका. होकायंत्राचं आणि सुकाणूच्या मर्यादांचं कॅलिब्रेशन त्यात पुसलं जातं, आणि ते परत करायला सपाट पाणी लागतं.

सपाट पाण्यात, नेहमीच्या वेगाने, इंजिनवर, ऑटोमध्ये ४० अंशांचं वळण द्या. नौका चटकन वळून नव्या दिशेपलीकडे पाचेक अंशांहून जास्त न जाता स्थिरावली, तर रडर गेन (दिशेच्या चुकीमागे सुकाणू किती वळवायचं ते प्रमाण) बरोबर आहे. नागमोडी हेलकावे घेत स्थिरावत असेल तर गेन जास्त आहे. आळसावून, उशिरा पोचत असेल तर कमी. एका वेळी एकच आकडा एका पायरीने बदला आणि तेच वळण पुन्हा द्या. काउंटर रडर (वळण थांबवायला द्यायचं उलटं सुकाणू) त्यानंतर. मागून लाटा येत असताना प्रतिसाद थोडा वाढवावा लागतो, शांत पाण्यात तो कमी ठेवला की बॅटरी वाचते.

सोबत काय ठेवाल

तुमच्या मोटरचे कार्बन ब्रश, प्रत्येक मापाचे दोन फ्यूज, ड्राइव्हची पिन आणि तिची खीळ, लग आणि चांगली क्रिम्पिंगची पक्कड, लांब वायर जोडलेला मल्टिमीटर, आणि पुस्तिकेची छापील प्रत. फोनमधली पुस्तिका नेमकी चार्जिंग संपल्यावर लागते.

दूरच्या सफरीवर निघणारे मागच्या बाजूला विंडव्हेनही लावतात, म्हणजे वाऱ्याशी कोन राखून सुकाणू फिरवणारा यांत्रिक पायलट. तो वारा आणि पाण्याच्या जोरावर चालतो, त्याला वीज लागत नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत इलेक्ट्रॉनिक पायलटला मनाई होती. भारतीय नौदलाचे माजी अधिकारी अभिलाष टॉमी यांनी २०२३ मध्ये तिच्यात दुसरा क्रमांक मिळवला तो अशाच यांत्रिक सुकाणूवर. गोव्याच्या फेरीला त्याची गरज नाही, पण जगभर फिरायचं मनात असेल तर आतापासून विचार करा.

आणि एवढं करून तंत्रज्ञाला बोलवावंच लागलं, तर त्याला "पायलट चालत नाही" असं सांगू नका. पायरी २ मधलं वहीचं पान, भाराखाली मोजलेले व्होल्ट, आठ दिशांची तफावत आणि मोटरच्या थेट चाचणीचा निकाल त्याला आधीच पाठवा. तो योग्य सुटे भाग घेऊन येईल आणि तुमची फेरी वाचेल.